हात लावा आन सांगा

“हात लावा. आन सांगा.”

गाडीचं काम झालं की आमचा मिस्त्री इंजिन चांगलं तापू द्यायचा, एक पाऊल मागे सरायचा आणि गाडीच्या मालकालाच पुढे करून हे म्हणायचा. मालक बिचारा भीतभीत ऑइल फिल्टरला बोट टेकवायचा.

“गरमय.”

“किती?”

“लई गरमय राव! चटका बसतोय.”

मग मिस्त्री गालात हसून डॅशबोर्डवर बसवलेल्या छोट्या मीटरकडे बोट करायचा. तिथे आकडा असायचा, नव्वद नाहीतर पंच्याण्णव. “तुमचा हात नुसता लई म्हंतो. ह्यो किती त्ये सांगतो.”

बेल्ह्याच्या बाजाराच्या रस्त्यावर माझं स्पेअर पार्टचं दुकान आहे, आणि शेजारी त्याचं गॅरेज होतं. सतरा वर्षांचा शेजार. त्याचं नाव मी इथे सांगणार नाही. त्याच्याबद्दल जे बोलायचं नव्हतं ते एकदा बोलून बसलोय, आता निदान नाव तरी राहू द्या.

गाडी कंपनीतून आली तशीच चालवणं आमच्याकडच्या पोरांना कमीपणाचं वाटतं. टोमॅटोचे पैसे हातात आले की कुणी डिझेल गाडीला मोठा टर्बो लावतो, कुणी जीपमध्ये भलतंच इंजिन बसवतो. हे सगळं मिस्त्री करून द्यायचा, पण एका अटीवर. आधी सेन्सर. अंगठ्याएवढा तुकडा असतो तो. तेलाच्या वाटेत बसतो आणि तेलाचा दाब आणि तेलाची गरमी, दोन्ही एकदम सांगतो. तो मीच पुण्याहून मागवून द्यायचो.

“मीटर-बिटर नको, नुसती ताकद वाढवा,” असं कुणी म्हणालं की मिस्त्रीचा पारा चढायचा. “मंग जावा पावणं. दुसरीकडं वाढवून मिळंल.”

मलासुद्धा त्याने दहा वेळा समजावलं असेल. “शेठ, गार त्येल घट्ट आसतं, दाब भरपूर दाखवतं. तापलं का पातळ व्हतं, दाब पडतो. एकट्या दाबावर इश्वास ठेवला का मानूस फसला. दोन्ही संगं इचारायचं.” मी हो हो म्हणायचो. माझं लक्ष गिऱ्हाइकाकडे असायचं.

एकदा माळशेज घाट चढताना मढचा एक जीपवाला घाबरून फोनवर ओरडत होता. दाब पडलाय, आता इंजिन जाम होणार, काय करू? मिस्त्रीने शांतपणे विचारलं, “गरमी किती दाखवतीय?” त्याने सांगितलं. “मंग बरुबर हाय. त्येल तापून पातळ झालंय. कडंला घे, एकदम बंद करू नको, जागेवर चालू दे. आकडा खाली आला का निघ.” फोन ठेवून गड्याने चहाचा घोट घेतला. त्या दिवशी मला त्याचा केवढा अभिमान वाटला होता, काय सांगू तुम्हाला!

त्या चहाकडे मात्र मी नीट पाहिलं नव्हतं. उकळता चहा, स्टीलचा ग्लास, मला तो रुमालाशिवाय धरता येत नव्हता आणि हा मुठीत घेऊन बसलेला.

मग एके दुपारी तो तापलेल्या इंजिनवर रेलून माझ्याशी गप्पा मारत होता. काहीतरी जळाल्याचा वास आला. बघतो तर याचा हात टर्बोवर. “अहो हात! हात काढा!” मी किंचाळलो. त्याने आधी हाताकडे पाहिलं आणि मग तो काढला. आपण बघायच्या आधीच हात काढतो ना? त्याने आधी पाहिलं.

शटर अर्धं ओढून त्याने मला सगळं सांगितलं. पंचविशीत अंगावर चट्टा उठला होता. कुष्ठरोग. सरकारी दवाखान्यात गोळ्यांचा पूर्ण कोर्स केला, एक दिवस चुकवला नाही. डॉक्टर म्हणाले, बरा झालास, तुझ्यापासून कुणाला धोका नाही. फक्त बोटांतली आणि तळपायांतली मेलेली जाणीव परत येणार नाही. “इंजिन गरम हाय का गार, मला कळत न्हाई शेठ. म्हनून मालकाला हात लावाया सांगतो. म्हनून ह्ये सेन्सर.” “कुनाला बोलू नका. ह्यो धंदा ग्येला तर मला दुसरं काय येत न्हाई.”

मी गळ्याची शपथ घेतली. दोन वर्षं पाळली.

आणि मग बाजाराच्या दिवशी माझ्या दुकानात चार जण बसले होते. मिस्त्रीचं कौतुक चाललं होतं. गॅरेजात कधी न गेलेला एकजण म्हणाला, “त्यो नुसता हात लावून सांगतो, इंजिन किती तापलंय.” झालं! माझ्यातला शहाणा जागा झाला. “हात लावून? अरे, त्याच्या हाताला काही कळतच नाही!” म्हटलं मी. चौघांनी कान टवकारले आणि मला चेव चढला. चट्टा, गोळ्या, टर्बोवर भाजलेला हात, सगळं सांगून टाकलं. मला वाटत होतं मी त्याचं कौतुकच करतोय, बघा, असं असूनही काय काम करतो माणूस! बरा झालाय, हेही सांगितलं. तेवढंच कुणी ऐकलं नाही.

कुणी भांडलं नाही, कुणी काही बोललं नाही. गाड्या आळेफाट्याच्या गॅरेजात जायला लागल्या. चहावाला मला काचेचा ग्लास द्यायचा आणि त्याला कागदी कप. खोटं कशाला बोलू, माझ्या दुकानातला त्याचा पाण्याचा तांब्या मीच वेगळा ठेवला. बायकोने नाही, मीच. सगळं माहीत असून.

एक जुनं गिऱ्हाईक तेवढं आलं होतं. मिस्त्रीने इंजिन तापवलं, मागे सरला, म्हणाला, “हात लावा. आन सांगा.” त्या माणसाने दोन्ही हात पाठीमागे नेले. मिस्त्रीने बोनेट बंद केलं. त्यानंतर ते वाक्य मी गॅरेजात ऐकलं नाही.

पुढच्या महिन्यात तो सहा सेन्सर घेऊन दुकानात आला. “परत घ्या शेठ. पाकिटं फोडली न्हाईत.” गुपित एकट्या मला ठाऊक होतं, हे त्यालाही ठाऊक होतं. त्याने विचारलं असतं, शिवी हासडली असती, कानफटात मारली असती तर मी सुटलो असतो. तो फक्त पाकिटं काउंटरवर ठेवून, माझा हात लागणार नाही इतक्या लांब उभा राहिला.

तो मढकडे भावाच्या घरी गेला. वर्षभर मी गेलो नाही. दुकान होतं, लग्नसराई होती. कारणांना काय तोटा! मग त्याच्या भावाचा फोन आला. चुलीतला निखारा पायाखाली आला होता, याला कळलंच नाही. जखम चिघळली तेव्हा वासावरून घरच्यांना समजलं. दवाखान्यातून आता घरी आणलं होतं. डॉक्टरांनी हात टेकले होते.

पडवीत खाटेवर पडला होता. अंगात ताप, डोळे मिटलेले. भाऊ दारातूनच म्हणाला, “बेल्ह्याचं शेठ आल्यात.” मी खाटेशेजारी स्टुलावर बसलो. त्याचा हात माझ्या बाजूला खाटेच्या कडेवर पडला होता. माफी मागायची म्हणून वाटभर शब्द जुळवले होते.

पण आधी तोच बोलला. “शेठ, हात लावलाय का? मला कळत न्हाई. लावला आसंल तर सांगा.”

“लावलाय,” मी म्हणालो.

त्याच्या चेहऱ्यावर इतकं समाधान पसरलं की मला तिथून पळून जावंसं वाटलं.

“गरमय का?”

“गरमय.”

“किती?”

माझे दोन्ही हात माझ्याच मांडीवर होते.