हलली का?

आमच्या हिच्याएवढी संशयी बाई अख्ख्या पुण्यात झाली नसेल. माझ्यावर संशय नव्हता, घेण्यासारखं माझ्यात काही नव्हतंच. तिचा संशय वस्तूंवर. गेली त्या दिवशीसुद्धा सकाळी चहा झाल्या झाल्या तिनं मला त्या मशीनपुढं खुर्ची टाकून बसवलं, स्वतः मशीनच्या मागं स्टुलावर बसली, आणि बांबूच्या काडीनं आतला एकेक पार्ट दाबत विचारत राहिली, "हलली का?" मी म्हणायचं, "नाही." "आता?" "नाही." "झोपलात का?" "नाही."

मशीन म्हणजे ऑसिलोस्कोप. चौथी पास माणसाच्या तोंडात ते नाव मावत नाही, म्हणून मी त्याला हिरवा डबा म्हणतो. पुढं एक काच, तिच्यावर चौकटी, आणि चौकटींवरून एक हिरवी रेघ पळते. वीज आत कशी नाचतीय ते त्या रेघेवर दिसतं म्हणे. ही एका कारखान्यात रेडिओ तपासायच्या टेबलावर कामाला होती. तिथं नवी मशिनं आली तेव्हा हा डबा भंगारात निघाला, तो हिनं मागून घेतला. मी तेव्हा मार्केट यार्डातून भाजीचा टेम्पो चालवायचो. कांद्याच्या पोत्यांवर बसून डबा कात्रजला आमच्या दोन खोल्यांत आला, आणि ही पुढं माझ्याशेजारी न बसता मागं त्याला कवटाळून बसली. नवरी म्हणून आली तेव्हासुद्धा एवढी जपून आली नव्हती.

डबा अधूनमधून आजारी पडायचा आणि ही खूश व्हायची. तिची रीत ठरलेली. आधी बघायचं, मग ऐकायचं, मग हुंगायचं, हात सगळ्यात शेवटी. जळका पार्ट ती नाकानं शोधायची. पुढं ती खोड डब्यापुरती राहिना. शेजारीण इस्त्री घेऊन आली तर ही दारातच इस्त्री हुंगायची.

"काय झालंय?"

"बिघडलीय हो."

"ते कळलं. कशी बिघडली ते सांगा. नवऱ्याबद्दल तासभर सांगता, इस्त्रीबद्दल दोन वाक्यं नाहीत?"

दुसरी गोष्ट डाव्या हाताची. चालू मशीनमध्ये उजवा हात घालताना हिचा डावा हात कमरेला पदरात खोचलेला असायचा. का, म्हणून विचारलं तर म्हणाली, "करंट एका हातानं शिरून दुसऱ्या हातानं निघाला, तर वाटेत काळीज लागतं." लोक सोप्या कामाला डाव्या हातचा मळ म्हणतात, हिच्या डाव्या हाताला मळ लागायची सोयच नव्हती. मग कुठलाही धोका दिसला की तो हात आपोआप खोचला जायला लागला. एकदा पाण्यावरून सोसायटीच्या चेअरमनशी वाद चालला होता. हात पदरात गेलेला मी लांबून बघितला आणि म्हटलं, "साहेब, आता तुम्ही घरी गेलेलं बरं."

जावई पहिल्या दिवाळसणाला आले, नेमकी त्याच दिवशी रेघ थरथरायला लागली. घरातल्या विजेची भुणभुण आत शिरतीय का ते बघायला हिनं पंखा बंद केला, फ्रिज बंद केला, ट्यूबही घालवली. जावई भर दुपारी अंधाऱ्या खोलीत घामानं निथळत पुरणपोळी खातायत. त्यांनी हळूच मुलीला विचारलं, "तुमच्याकडे लाइट नेहमी जाते का?" डब्यामागून आवाज आला, "गेली नाहीये, मी घालवलीय. तूप वाढू?"

हिंजवडीला कॉम्प्युटरवर काम करणारा मुलगा म्हणाला, "आई, आता मोबाइलला जोडायचा मिळतो, एवढासा."

"तो बिघडला तर उघडता येतो का?"

"नाही."

"मग दिवसभर मी काय उघडू?"

या सगळ्यात माझं काम एकच, काचेकडं बघून सांगायचं. मागं बसलेल्या माणसाला काच दिसत नाही, आणि कुठं दाबल्यावर रेघ उडते ते कळल्याशिवाय सैल झालेला जोड सापडत नाही. म्हणजे एवढी शिकलेली बाई टेम्पोवाल्यावाचून अडायची. टेम्पो विकल्यापासून माझ्यावाचून अडणारी दुनियेत तेवढी एकच गोष्ट उरली होती, त्यामुळं मी तिला ते ऐकवायचो. "मी उठलो तर बसशील काडी घेऊन." ती म्हणायची, "म्हणून तर उठू देत नाही."

त्या दिवशी रेघ टुणकन उडाली. मी म्हणालो, "हलली." तिनं परत दाबलं, परत हलली. "सापडला. बंद करा. आतला करंट उतरू दे. जेवून पडू जरा, दुपारी उठून डाग देऊ." कथील वितळवून जोड पक्का करण्याला कारखान्यात डाग देणं म्हणतात. आमच्या गावाकडं डाग प्रेताला देतात. मी दरवेळी म्हणायचो, "अगं, शुभ बोल की जरा." ती दरवेळी म्हणायची, "अहो, डाग दिला की जोड सुटत नाही."

जेवली. आमटी मी केलेली, ती हुंगून "चालेल" म्हणाली. आडवी झाली ती उठलीच नाही. मशीनला डाग द्यायचा राहिला. संध्याकाळी मुलानं तिला दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी घर पाहुण्यांनी भरलं. कुठं टेकायला जागा नव्हती, म्हणून मी डब्याच्या मागं तिच्या स्टुलावर जाऊन बसलो. तिथं मला तिनं कधी बसू दिलं नव्हतं. समोर, माझ्या खुर्चीच्या पलीकडं जरा बाजूला, आमचं जुनं लोखंडी कपाट. त्याच्या दाराला आरसा. आरशात डब्याची काच दिसत होती. अख्खी, एकेक चौकट स्वच्छ.

म्हणजे बाईला रेघ दिसत होती. पहिल्यापासून.

सून म्हणाली, "बाबा, हा डबा आत सरकवू का? लोकांना बसायला होईल."

म्हटलं, "राहू दे." मग उठलो, खुर्चीवर ठेवलेल्या कुणाच्या तरी पिशव्या खाली ठेवल्या, आणि पुढं काचेकडं तोंड करून बसलो.