‘अजून माहीत नाही’ असं सांगणाऱ्या बागवान मॅडम

श्रीमती रेहाना बागवान यांना मी प्रथम पाहिलं ते सोलापूर जिल्ह्यातल्या आमच्या नगरपालिकेच्या संगणक विभागात. पालिकेचं फेसबुक पान तेव्हा माझ्याकडे होतं. उद्घाटनांचे फोटो टाकायचे आणि खालच्या तक्रारी पुसायच्या, एवढीच मला सूचना होती. जनसंपर्क अधिकारी म्हणून नव्याने रुजू झालेल्या मॅडम खुर्ची ओढून शेजारी बसल्या आणि पान वाचू लागल्या.

“हे डोंगरे कोण? रोज ‘पाणी न्हाय’ असं लिहितात.”

“त्रास देतात, मॅडम. त्यांना ब्लॉक करा म्हणून सांगितलंय.”

“आधी त्यांच्या घरी जाऊन येऊ.”

आम्ही गेलो. दारात उभ्या असलेल्या वयस्कर डोंगऱ्यांना खरं वाटेना. “तुमी फेसबुक वाचून आला व्हय? आमचं घर पाइपाच्या टोकाला हाय. म्होरच्यांनी मोटारी लावल्या की आमाला थेंब मिळत न्हाय.” मॅडमनी कोरड्या नळाचा फोटो काढला आणि त्याच दिवशी पालिकेच्या पानावर टाकला. खाली लिहिलं, ‘ही तक्रार खरी आहे. काम सुरू झालं की कळवू.’ पाणीपुरवठ्याचे अभियंते रागावले. पण त्या गल्लीला स्वतंत्र व्हॉल्व्ह बसला, आणि त्याचाही फोटो पानावर आला. तेव्हापासून आमच्या पानावर तक्रारी राहू लागल्या आणि त्यांना उत्तरंही मिळू लागली.

मॅडमचं मराठी जितकं स्वच्छ, तितकंच घरचं उर्दूही. पाण्याच्या वेळा त्या दोन्ही भाषांत स्वतःच्या आवाजात व्हॉट्सॲपवर पाठवत. तेलुगूभाषक विणकरांच्या वस्तीसाठी ती भाषा बोलणाऱ्या शिक्षिकेकडून तोच निरोप बोलून घेत. ज्यांच्याकडे फोन नाही, त्यांच्यासाठी तो घंटागाडीच्या भोंग्यावर वाजे.

त्यांच्या कारकिर्दीतला सर्वांत कठीण दिवस मी जवळून पाहिला. एका वस्तीतल्या काही मुलांना उलट्या सुरू झाल्या, आणि ‘टाकीत विष कालवलं आहे’ असा निरोप गावभर फिरू लागला. पालिकेच्या फाटकाशी गर्दी जमली. मुख्याधिकाऱ्यांच्या दालनात खुलासा तयार होता : पाणी पूर्णपणे सुरक्षित आहे, अफवा पसरवणाऱ्यांवर कारवाई होईल.

मॅडमनी तो वाचला. “साहेब, पाणी तपासलंय का?”

“नमुने आत्ताच पाठवलेत.”

“मग सुरक्षित आहे हे आपण कशावरून लिहितोय?”

“आम्हाला माहीत नाही असं पालिकेनं लिहायचं? लोक घाबरतील.”

“घाबरले तर ते पाणी पिणार नाहीत. आपल्या शब्दावर प्यायले आणि एखाद्या लेकराचं बरंवाईट झालं, तर पुढे आपण काहीही लिहिलं तरी कोण वाचेल?”

साहेबांनी खुलासा बाजूला सारला. मग म्हणाले, “बोला तुम्ही. पण चेहरा तुमचा असेल.”

मॅडम पालिकेच्या पायरीवर उभ्या राहिल्या आणि पालिकेच्या पानावर थेट दाखवण्यासाठी मी मोबाइल धरला. त्या म्हणाल्या, “पाण्यात काय आहे ते आम्हाला अजून माहीत नाही. कळेपर्यंत नळाचं पाणी पिऊ नका. टँकर निघालेत. मुलाला उलट्या होत असतील तर थेट दवाखान्यात न्या. अहवाल आला की, जसा असेल तसा, मी इथंच सांगेन.” गर्दीतली माणसं आपापल्या घरी फोन लावू लागली.

विष कुणी कालवलं नव्हतं. त्या वस्तीत फुटलेल्या वाहिनीत गटाराचं पाणी शिरत होतं. मॅडमनी अहवाल वाचून दाखवला, फुटक्या पाइपाचा फोटो टाकला आणि चूक पालिकेची असल्याचं सांगितलं. आजारी मुलं सगळी बरी झाली; नळाचं पाणी पिणं वेळेवर थांबल्यामुळे आणखी कुणी आजारी पडलं नाही. प्रतिक्रियांत काहींनी मॅडमच्या धर्मावरून शिवीगाळ केली. काय करू, असं मी विचारलं, तर शांतपणे म्हणाल्या, “शिव्या पुसा. तक्रारी ठेवा.”

माझी आई सोलापुरात दवाखान्यात होती, तेव्हा तिथल्याच शुक्रवार पेठेतल्या मॅडमच्या घरून रोज मऊ भाताचा डबा यायचा. बहुतेक वेळा मॅडम स्वतःच घेऊन येत आणि आईला भरवून जात. आईने मला विचारलं, “ह्या बाई आपल्या कोण लागत्यात रे?” मी म्हणालो, “माझ्या साहेब आहेत.” “साहेब असं करत्यात व्हय?” एवढंच ती म्हणाली.

निवृत्तीनंतरही मॅडम थांबलेल्या नाहीत. वैराग, करकंब, जिथून बोलावणं येईल तिथं जाऊन त्या ग्रामपंचायतींच्या कर्मचाऱ्यांना लोकांशी मोबाइलवरून कसं बोलावं ते शिकवतात. गुडघे दुखतात, तरी एस.टी.नेच जातात.

मॅडम, आज आपण साठ वर्षं पूर्ण करत आहात. आपला आवाज असाच खणखणीत राहो, गुडघ्यांनी आपल्याला साथ द्यावी, आणि पुढची पुष्कळ वर्षं कुठल्याही गावाने हाक मारली तर आपल्याला आपल्या पायांनी तिथं जाता यावं, हीच आम्हा सर्व सहकाऱ्यांची मनापासूनची इच्छा.