टँकरपाशी पडलेला आंबा

लातूर वेगळा जिल्हा झाला त्या दुष्काळात मी चाकूरजवळ खडी फोडत होतो. जातीचा सुतार, पण पेरणीच नाही तर औत कोण करून घेणार? तशात कळलं, नव्या जिल्हा कचेरीत एक सुतार कायमचा घेणार हायेत. परीक्षा एवढीच, आपल्या हातचं टेबल करून दाखवायचं. त्या नोकरीवर मी सगळी भिस्त ठेवली.

सागवान कुठून आणू? टँकरच्या हौदापाशी आमचंच वाळलेलं आंब्याचं झाड पडलं होतं. सगळ्या गावात ओल तेवढ्याच जागी. ओंडका चिरला तर आत बुरशी. पिवळट लाकडात काळ्या बारीक रेघा, शिवारातल्या बांधांसारख्या वाकड्यातिकड्या. अशा लाकडाचे पाय करू नयेत, ते भार धरत नाही. वरची फळी मात्र होते, डबा होतो. पण आधी सावलीत नीट वाळवावं, मऊ जागी पातळ लाख पुन्हापुन्हा जिरवावी, म्हणजे ते घट्ट होतं. हे शहाणपण मला फार उशिरा आलं.

पाय बाभळीचे केले, फळी आंब्याची. रंधा मारल्यावर बायको बघतच राहिली. म्हणाली, "असंच राहू द्या. लई झ्याक दिसायलंय."

"तुला काय कळतंय त्यातलं? कुजकं म्हणतील," मी खेकसलो. आमच्याकडं काळी रेघ दिसली की लाकूड चुलीत जायचं. मी मऊ जागी लांबीचा लगदा भरला आणि वरून तपकिरी ऑइलपेंटचे दोन हात दिले.

कचेरीतल्या साहेबानं सांधे तपासले, मान डोलावली. मग फळीच्या कडेवर अंगठा दाबला आणि अंगठा लाकडात रुतला. त्यानं रंग खरवडला, रेघा बघितल्या.

"लाकूड वाईट नाही," तो म्हणाला. "उघडं आणलं असतंस तर तुझ्यासाठी वर बोललो असतो. तू झाकून आणलंस."

हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय. मी टेबल तिथंच सोडून आलो.

घरी बायकोला सगळं खरं सांगितलं. 'मी म्हणत नव्हते?' असं ती म्हणाली असती तर बरं वाटलं असतं, भांडता तरी आलं असतं. ती म्हणाली, "आठ दिस रंधा मारलाव. हात दुखायले असतील. बसा, भाकर खावा."

मला रडू आलं. सकाळी आम्ही दोघं खडीवर गेलो.