हिवाळी टायर: नाना पेठ ते मांजरी

ऑक्टोबरातल्या एका रणरणत्या सकाळी मी कपाटाच्या वरच्या फळीवरून लोकरीची कानटोपी काढली, पिशवीत टाकली आणि हिवाळा गाठायला निघाले. कोथरूडहून आधी नाना पेठ, तिथून मांजरी. म्हणजे पुण्याच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला. पण हल्लीची रहदारी पाहता याला प्रवास म्हणायला हरकत नाही.

ईरा, नील, तुमच्याकडे नॉर्वेत पहिला बर्फ पडायच्या आत तुमचा बाबा गाडीचे टायर बदलून आणतो. तुम्हाला त्यात सांगण्यासारखं काही वाटत नसेल. पुण्यात मात्र हिवाळी टायर मागणं म्हणजे राजस्थानात होडी मागण्यासारखं आहे. आणि ते मागायची वेळ आली तुमच्या केतकी आत्यामुळे.

आत्या लहान मुलांचे कान तपासते, हे तुम्हाला ठाऊक आहेच. या हिवाळ्यात तिला हिमाचलातल्या लाहौल खोऱ्यात जायचं होतं. तिथे उन्हाळाभर सगळे शेतावर असतात. बर्फ पडला की घरोघरी माणसं सापडतात. तपासणीला अगदी शांत जागा लागते, आणि डोंगरातल्या घरात चूल, मेंढ्या, आजोबांचा खोकला असं सगळं एकाच खोलीत. म्हणून तिने तिची विजेवर चालणारी मोठी गाडी न्यायचं ठरवलं. उभी असताना ती काही आवाज करत नाही आणि आतून ऊबही देते. मूल मागच्या सीटवर बसणार, कानाला यंत्र लावणार, आवाज आला की बोट वर करणार. गाडी हाच तिचा दवाखाना.

कल्पना उत्तम होती. पण त्या दवाखान्याला बर्फाच्या उतारावर थांबता यायला हवं, एका बाजूला दरी असताना. मी तिला जाऊ नको म्हटलं नाही. पन्नाशीच्या मुलीला तसं म्हणता येत नाही. "टायर मी बघणार," एवढंच म्हणाले. त्याचा अर्थ तिला बरोबर कळला. टायर मनासारखे मिळाले नाहीत तर मी ती निघण्याच्या दिवशी दारात उभी राहणार होते.

नाना पेठ (पेठ म्हणजे जुन्या शहरातली बाजारवस्ती, ही गाड्यांच्या सुट्या भागांची) केतकी आणि मी पोचलो तेव्हा सकाळीच गजबजली होती. टायरांच्या उतरंडी फुटपाथवर रचलेल्या, आणि त्यांच्यामधून माणसं वाट काढत होती. शब्बीरभाईंचं दुकान त्यांच्या आजोबांपासूनचं. ते स्वतः साठीचे, पांढरी दाढी नीट कातरलेली, बोलणं अस्सल पुणेरी.

"बर्फावर चालणारे टायर हवेत," मी म्हणाले.

"काकू, पुण्यात बर्फ फक्त उसाच्या रसात असतो. त्याला टायर लागत नाहीत."

"गाडी पुण्यात चालवायची असती तर वल्ही मागितली असती. मागच्या पावसाळ्यात आमच्या चौकात तेवढंच चाललं असतं."

शब्बीरभाईंनी माझ्याकडे एकदा नीट पाहिलं आणि बसायला स्टूल पुढे केलं. पुण्यात याला स्वागत म्हणतात.

पहिल्यांदा त्यांनी एक राक्षसी टायर काढला. बोटभर खोल दात, जणू मगरीचा जबडा. बाजूला एम आणि एस अशी दोन अक्षरं: म्हणजे चिखल आणि बर्फ, दोन्हीला चालणारा. केतकीचे डोळे चमकले. तिच्या डोंगर भटकणाऱ्या मित्रमंडळींत सगळ्यांच्या गाड्यांना असलेच दात आहेत.

"आई, हाच. सगळे हाच घेतात."

"सगळे बर्फात जातात का?"

"सिंहगडाच्या मागच्या चिखलात जातात," ती हसत म्हणाली.

दुसरा टायर माळ्यावरून निघाला. कुणा गिऱ्हाइकाने हौसेने चारांचा संच मागवला आणि नंतर तोंड दाखवलं नाही. दिसायला गरीब. दात बेताचे, पण प्रत्येक दातावर बारीक चिरा, लोणच्याच्या कैरीला सुरीने द्याव्यात तशा. बाजूला डोंगराचं चित्र आणि त्यात बर्फाची चांदणी. शब्बीरभाईंनी त्यावर अंगठा दाबला तर रबर आत गेलं.

"हा टायर आहे की भिजलेला साबुदाणा? आपल्या रस्त्यावर महिनाभरात झिजून जाईल. काकू, माझं ऐका, दातवाला घ्या. लिहिलंय की त्यावर बर्फ."

"लिहिणाऱ्याने थंडीत दाबून पाहिलं होतं का?"

"म्हणजे?"

"आत्ता आपण दोन्ही टायर उन्हात दाबतोय, शब्बीरभाई. घरातलं तूप आज पातळ आहे. म्हणून डिसेंबरातही ते पातळच राहील असं कुणी म्हणेल का? रबराचंही तसंच. थंडीत कोणता कडक होतो आणि कोणता नरम राहतो, ते पाहायला हवं."

"आणि थंडी कुठून आणणार?"

"मांजरीहून," मी म्हणाले. "सांगून ठेवलंय."

मांजरीला माझ्या विद्यार्थिनीचं, अनघाचं, शीतगृह आहे (भाज्या-फळं गोठवून ठेवायचं गोदाम). शाळेत मी तिला विज्ञान शिकवलं. एका मोठ्या परातीत पाणी गोठवून ठेव, असं मी तिला आदल्या दिवशीच फोनवर सांगितलं होतं. तिने कारणही विचारलं नाही. "ठेवते, बाई," म्हणाली. शिक्षिका होण्याचा हा फायदा चाळीस वर्षं टिकतो.

दोन्ही प्रकारचा एकेक टायर केतकीच्या गाडीत चढला. पाठोपाठ भावाला दुकानात बसवून शब्बीरभाईही चढले. "माझा माल माझ्या नजरेआड जात नाही," हे त्यांचं कारण. मला वाटतं, त्यांनाही निकाल पाहायचा होता.

"ताई, गाडी सुरू झाली का?" थोड्या वेळाने त्यांनी विचारलं.

"आपण फातिमानगर ओलांडलं," केतकी म्हणाली.

"आवाजच नाही. चोराला उपयोगी."

केतकीने त्यांना गाडीचा खरा उपयोग सांगितला आणि सिग्नलला थांबल्यावर विचारलं, "तुमचे कान तपासू का परत येताना?"

"मला सगळं ऐकू येतं. बायकोचं सोडून."

हडपसर मागे पडलं तसा रस्ता मोकळा झाला. मांजरीत एका हाताला तुरे यायच्या बेतातला ऊस आणि दुसऱ्या हाताला त्याच उसाच्या शेतात उगवलेल्या पंधरा-वीस मजली इमारती. रसवंतीवर (उसाच्या रसाच्या दुकानात) थांबून आम्ही आलं-लिंबू घातलेला रस प्यायलो. शब्बीरभाईंनी पेल्यातला बर्फ मला दाखवला आणि भुवया उंचावल्या. मी दुर्लक्ष केलं.

शीतगृहाच्या दारावरच्या राखणदाराने मला आपादमस्तक न्याहाळलं. "आज्जी, आत लई गारठा हाय. काय बी घातलंय का नाय अंगात?" मी कानटोपी दाखवली. त्याला ती पुरेशी वाटली नाही. त्याने तिघांनाही गुडघ्यापर्यंत येणारे जाड कोट आणून दिले.

आणि मग दार उघडलं. मुलांनो, तुम्ही रोज ज्यात शाळेत जाता त्या हवेत मी आयुष्यात पहिल्यांदा पाऊल टाकलं, तेही मांजरीत. नाकातल्या नाकात श्वास टोचला. समोर सासवडच्या मटाराची पोती आणि सीताफळाच्या गराचे डबे छतापर्यंत रचलेले, सगळ्यांवर पांढरी साय. तोंडातून वाफ निघाली तेव्हा मी उगाचच आणखी दोनदा श्वास सोडून पाहिला. दोन्ही टायर आम्ही परातीशेजारी ठेवले आणि बाहेर आलो. बाहेर येताच चष्म्यावर धुकं धरलं आणि मी पायरीऐवजी बाहेर वाट पाहत उभ्या असलेल्या अनघाच्या पायावर पाय दिला.

टायर गारठायला वेळ हवा होता, म्हणून अनघाने जेवायलाच बसवलं. मटारची उसळ, ज्वारीची भाकरी, मिरचीचा ठेचा. शब्बीरभाई तिसऱ्या भाकरीला म्हणाले, "निकाल काहीही लागो, येणं वाया गेलं नाही."

उन्हं कलल्यावर पुन्हा आत गेलो. मी आधी मगरीच्या दातांवर अंगठा दाबला. पाट्यावर दाबावा तसा. नखसुद्धा उमटेना. मग गरिबाकडे वळले. तो सकाळसारखाच होता. रबर दबलं, चिरा उघडल्या आणि मिटल्या.

"दाबणं वेगळं, चालणं वेगळं," शब्बीरभाई म्हणाले.

"म्हणून तर परात आहे. टायर बर्फावर उभा करा, घट्ट धरा, फिरू देऊ नका आणि पुढे ढकला. ब्रेक लावलेलं चाक असंच असतं."

त्यांनी कोटाच्या बाह्या सावरल्या, दातवाला टायर परातीत उभा केला आणि सगळा जोर लावला. जोर लावायची गरजच नव्हती. टायर सर्रकन सुटला, त्याच्या मागे शब्बीरभाई सुटले आणि मटाराच्या पोत्यावर जाऊन बसले. अनघाने तोंडावर हात धरला. ते शांतपणे उठले, कोट झटकला आणि दुसरा टायर घेतला. ढकलला. हलेना. आणखी ढकलला. तो हलला, पण रुसलेल्या मुलाला ओढून न्यावं तसा, पाय रोवत.

"काकू," ते धापा टाकत म्हणाले, "साबुदाणा जिंकला."

मला किती आनंद झाला म्हणून सांगू! प्रयोग अचूक झाला होता, तोही विद्यार्थिनीसमोर. चारांचा संच दुकानात तयार होता, मापही गाडीचंच होतं. केतकीची निघायची तारीख आठवड्यावर आली होती.

"घेऊन टाकू," मी म्हणाले. "आजच."

केतकी टायरापुढे उकिडवी बसली होती. बाजूचे आकडे पुसून तिने मोबाईलमधल्या फोटोशी ताडून पाहिले. गाडीच्या दाराच्या चौकटीवर टायर किती भार पेलणारे हवेत ते लिहिलेलं असतं; तिने घरून निघतानाच त्याचा फोटो काढला होता.

"नाही, आई. हा चालणार नाही."

"आत्ता तर चालला!"

"बर्फावर चालला. माझ्या गाडीखाली नाही चालणार. बॅटरीमुळे ही गाडी याच मापाच्या पेट्रोल गाडीपेक्षा कितीतरी जड आहे. हा टायर हलक्या गाडीचा आहे. भार पेलायचा आकडा कमी पडतोय."

"किती कमी?"

"थोडाच."

"मग थोड्याने काय होतंय गं? सामान कमी ने. दोन पेट्या कमी कर." हे मी म्हणाले, हो, मीच. हाताशी आलेला टायर सोडवत नव्हता.

"आई, पेट्या कमी केल्या तर यंत्रं कमी होतील. आणि आकडा जेवढा हवा तेवढाच हवा. मी निघणं पुढे ढकलेन, पण हा लावणार नाही."

ती हे चढ्या आवाजात म्हणाली नाही. थंडीने ओठ निळे पडले होते, तशीच बसून फोटोतला आकडा मला दाखवत होती. मी तो वाचला. ती बरोबर होती.

शब्बीरभाई सहज म्हणू शकले असते, चालतंय हो. त्यांच्या माळ्यावर पडून राहिलेला संच निघाला असता. ते म्हणाले, "ताई बरोबर बोलतात. मी देणार नाही." मग बाहेर उन्हात येऊन, कोट अंगात असतानाच, त्यांनी चंदीगडच्या एका व्यापाऱ्याला फोन लावला. याच जातीचा, पण जड गाडीचा संच त्याच्याकडे होता. "चारही बाजूला ठेव," ते हिंदीत दरडावत होते, "पुण्याच्या डॉक्टरीणबाई येतायत. दुसऱ्या कुणाला दिलेस तर पुन्हा माझ्याशी बोलू नकोस." तो फोन ठेवून केतकीला म्हणाले, "इथून तुमच्या रोजच्या टायरवर जा. डोंगर सुरू व्हायच्या आधी हे चढवा, उतरलात की काढा. गरम रस्त्यावर हा खरंच साबुदाणा आहे."

परतताना मुंढव्याच्या पुलावर आम्ही तासभर अडकलो. नाना पेठेत शब्बीरभाईंना आणि त्यांच्या दोन्ही टायरांना उतरवलं, घरी पोचलो तेव्हा दिवे लागले होते. दिवसभर शहर पालथं घालून आम्ही रिकाम्या हाताने आलो होतो. तरी मी त्या दिवशी वरणभात पोटभर जेवले. सकाळी निघताना मला वाटत होतं, मला टायरांची खात्री करून घ्यायची आहे. शाळेत मी वर्षानुवर्षं मुलींना सांगत आले की उत्तर जवळपास बरोबर म्हणजे चूक. ते माझ्या घरात कुणी इतकं मनावर घेतलं असेल याची मला कल्पना नव्हती. आणि मीच ते विसरले, तेव्हा तिने मला विसरू दिलं नाही. अशी मुलगी घाटात काय करेल याची मला आता काळजी नव्हती. म्हणजे होती, पण झोप लागेल इतकीच.

ती निघाली त्या दिवशी मी दारात उभी राहिले ती औक्षण करायला.

जानेवारीत तिचा फोन आला. आवाज मधूनमधून तुटत होता. एका उतारावर वळण घेतलं तर समोर गवताचा भारा पाठीवर घेतलेली बाई, रस्त्याच्या मधोमध.

"मग?" मी विचारलं.

"मग काय? थांबले."

"बरं. जेवलीस?"

"जेवले. आई, त्याच बाईची मुलगी आज तपासली. सात वर्षांची. घरचे म्हणतात हट्टी आहे, हाक मारली तरी येत नाही. अगं, तिला दोन्ही कानांनी फार कमी ऐकू येतं. ऐकण्याचं यंत्र लावलं आणि मी मागून हळूच नाव घेतलं, तर गर्रकन वळली. आता तिची आई सारखी हाका मारतेय, उगाचच."

मागून खरोखरच कुणीतरी हाका मारत होतं. फोन तुटला.

मी चप्पल घालून जिन्यात आले. शेजारच्या साठ्यांची सून दूध घेऊन वर येत होती. "काय काकू, केतकीताई कुठे असतात सध्या?" तिने रीत म्हणून विचारलं. मी तिला अगदी नाना पेठेपासून सगळं सांगितलं. तिच्या हातातली दुधाची पिशवी कोमट होईपर्यंत सोडलं नाही.