पेडलबोर्डातली बारीक शिट्टी

कुकरची शिट्टी होण्याआधी त्याच्या माथ्याशी एक अतिशय सूक्ष्म, एकसुरी सुरसुर सुरू होते ना, तशी ती होती. दुपारी घर निवांत झालं, खालच्या रिक्षांची वर्दळ थोडी विरळ झाली, की ॲम्प्लिफायरच्या जाळीमागून ती हळूच वर यायची आणि पडद्याच्या चुण्यांत, कपाटाच्या मागे, खोलीच्या कोपऱ्याकोपऱ्यांत जाऊन बसायची. तार छेडली की लपायची, बोट उचललं की पुन्हा हजर. सगळा पावसाळा मी तिच्या मागे होतो आणि खरं सांगतो, फार थकलो होतो. एखाद्या मोठ्या आवाजाशी माणूस भांडू तरी शकतो. पण जो आवाज आहे की नाही याचीच खात्री नाही, त्याच्याशी भांडायचं तरी कसं?

मी ऑर्केस्ट्रात गिटार वाजवतो. लग्नं, हळदी, उत्सवांचे मांडव, सोसायट्यांची स्नेहसंमेलनं. घाटकोपरच्या एका गच्चीवर सुरू झालेलं हे वाजवणं आता मुलुंडच्या आमच्या दोन खोल्यांपर्यंत येऊन पोहोचलं आहे. मंचावरची माझी जागा तरुणपणापासून ठरलेली आहे. ड्रमच्या उजवीकडे, इतक्या जवळ, की झांजा वाजल्या की डाव्या गालाला वारा लागतो. पायाशी पेडलं. पेडल म्हणजे पायाने चालू-बंद करायची एक लोखंडी डबी. गिटारचा सूर तिच्यातून गेला, की कधी खरखरीत होऊन बाहेर पडतो, कधी थरथरत, तर कधी आपलाच प्रतिध्वनी मागे ओढत. पूर्वी मी या डब्या पिशवीतून न्यायचो आणि गाणं बदललं की एकाच वेळी दोन-तीन दाबण्यासाठी पाय नाचवायचो. आता गुडघा त्या नाचाला तयार नसतो. हे आमच्या कीबोर्डवाल्या मोहित्याने माझ्या आधी ओळखलं.

"किती उड्या मारणार यार तू? एक स्विचर घे, फळीवर नीट मांड सगळं," तो म्हणाला. "एक बटण दाबायचं, झकास काम होतं."

म्हणून मी मांडायला बसलो. पेडलबोर्डासाठी जुन्या पलंगाची फळी कापून आणली, तिच्यावर चिकटपट्ट्या लावल्या, डब्या ओळीने बसवल्या. वर्षानुवर्षं मी एकाच ॲडाप्टरवरून सगळ्यांना वीज देत आलो होतो. एका नळावर अख्ख्या चाळीने पाणी भरावं तसा तो कारभार होता, आणि त्यात एकाची कुरबुर दुसऱ्याच्या घरात ऐकू जाणं ओघानेच आलं. बारीक शिट्टी येते ती बहुधा अशाच वाटून घेतलेल्या विजेतून, असं जाणकार सांगतात. तेव्हा प्रत्येक डबीला स्वतंत्र वीज देणारी एक पेटी घेतली. ती फळीखाली बसवताना पाठीतून जी कळ गेली, ती अजून कधीकधी भेटायला येते.

या डब्यांमधली एक मला विशेष प्रिय आहे, रिकाम्या दालनाचा घुमारा देणारी. आम्ही हे घर घेतलं तेव्हा किल्ली हातात आल्या दिवशी मी साधी गिटार घेऊन इथे आलो होतो. ना पलंग, ना कपाट, ना पडदा. वैशाली, माझी बायको, खिडकीच्या कट्ट्यावर बसून शेंगदाणे खात होती. मी एक तार छेडली आणि तो सूर चारी भिंतींना स्पर्श करून असा परत आला, जणू घरच आम्हाला ओळख देत होतं. मग सामान आलं. गाद्या आल्या, कपडे आले, माणसं जगायला लागतात तेव्हा जे जे येतं ते सगळं आलं आणि घुमारा निघून गेला. संसाराने भरलेल्या घरात प्रतिध्वनीला जागा कुठून असणार? आता तो डबीतून विकत घ्यावा लागतो. तिची खुंटी फिरवताना मी आजही त्या पहिल्या दुपारचा अंदाज घेत असतो, आणि तो सूर अगदी जवळ येऊन हुकतो.

स्विचरचं मात्र मला कौतुक वाटलं. पूर्वी डबी बंद केली तरी गिटारचा सूर तिच्या पोटातून जातच असे. आपली थोडी चमक तिथे ठेवून पुढे सरकत असे. स्विचर नको असलेल्या डबीला वाटेतून पूर्ण बाजूला काढतो. बंद असूनही वाटेत बसून राहण्याचा दोष फक्त डब्यांचा असतो का? मोहित्याच्या कीबोर्डात आता गिटारचेही आवाज आहेत. तो भला माणूस आहे, मंचावर ती कळ दाबत नाही. पण ती तिथे आहे हे मला ठाऊक आहे, आणि मला ठाऊक आहे हे त्याला. अशा वेळी माझ्यापाशी उरतो तो फक्त कान. कोणती तार केसभर उतरली आहे, कोणता सूर गायकाच्या गळ्याखाली नीट बसेल, हे मला अजून कोणाच्याही आधी कळतं. तो कान गेला, तर माझं वाजवणं संपलं.

आणि इतकं सगळं मांडूनही शिट्टी तशीच होती. मी केबली बदलल्या, डब्यांचा क्रम बदलला, प्लगची जागा बदलली. एकेक डबी वाटेतून काढून पाहिली. दर वेळी शेजारी उत्तरपत्रिका तपासत बसलेल्या वैशालीला विचारायचो, "येतोय ना गं आवाज?" पहिल्यांदा तिने पेन थांबवून ऐकलं आणि "काहीच नाही येत रे" म्हणाली. मी इतका चिडलो, की पुढच्या वेळी तिने मान तिरकी केली, क्षणभर डोळे मिटले आणि म्हणाली, "हो, येतोय थोडासा." मला केवढा दिलासा वाटला होता! दुसऱ्यालाही ऐकू येतो म्हणजे दोष डब्यांत आहे. मी सगळी फळी पुन्हा उसकटली.

मग तो रविवार आला. जेवणं झाली होती. मी फळीशी ओणवा बसलो होतो, चिकटपट्टीवरून उपटलेल्या डब्या भोवती पसरलेल्या, फक्त एकच जोडलेली. आणि शिट्टी चालू होती. एकाएकी पंखा मंदावला. फ्रिजचा घरघराट थांबला. डबीवरचा लाल दिवा विझला, ॲम्प्लिफायरचाही. मीटरच्या खोलीत काम निघाल्यामुळे दुपारी वीज बंद राहील, असं सोसायटीने कळवलं होतं. मी विसरलो होतो. पंख्याचं पातं शेवटचं हललं आणि थांबलं. अख्ख्या इमारतीत विजेवर चालणारं काही उरलं नाही.

शिट्टी चालू होती.

मी ॲम्प्लिफायरची तार ओढून काढली. निरर्थक होतं ते, पण काढली. मग डावा कान तळहाताने दाबून धरला. बाहेरचं सगळं दूर गेलं आणि ती आणखी स्पष्ट झाली. मला भीती वाटली. गुडघा दुखतो तेव्हा वाटत नाही अशी, लहान मुलाला गर्दीत हात सुटल्यावर वाटते तशी.

"काय झालं रे?" वैशालीने विचारलं. "लाइट येतील तासाभरात."

"तुला आत्ता काही ऐकू येतंय?"

तिने माझ्या कानावरच्या हाताकडे पाहिलं. शिक्षकाला चूक कुठे आहे ते पटकन दिसतं. तिने पेनाला टोपण लावलं आणि खाली, त्या विखुरलेल्या डब्यांमध्ये जागा करून माझ्याजवळ बसली.

"मला कधीच नव्हता येत," ती म्हणाली. "तू इतका दमलेला असायचास ना... म्हटलं, हो म्हणावं, म्हणजे तुला एकटं नको वाटायला. चुकलंच माझं."

आवाज येत नसताना तिने माझ्यासाठी ऐकला होता. आणि मी तिच्या त्या मायेच्या आधारावर एक निर्दोष फळी पुन्हा पुन्हा मोडत राहिलो होतो. राग आला नाही. थकव्याच्या पलीकडे रागालाही बळ लागतं.

"उद्या कान दाखवायचा," ती म्हणाली. "आधी ते. बाकी सगळं नंतर."

"आणि वाजवणं?"

"ते डॉक्टरला विचारू. आणि झांजांच्या बाजूला उभं राहायचं नाही आता. मोहित्याला मी सांगते हवं तर."

वीज परतली तेव्हा ऊन खिडकीच्या कट्ट्यावर आलं होतं. एव्हाना आम्ही दोघांनी मिळून डब्या फळीवर पुन्हा बसवल्या होत्या. ती हातात देत होती, मी दाबत होतो. पंखा फिरला, फळीवरचे दिवे एकेक करून लागले. मी ॲम्प्लिफायरचा आवाज पूर्ण वर नेला आणि तारांवर तळहात ठेवून त्या मुक्या केल्या. माझ्या कानात ती बारीक सुरसुर होतीच, आता बहुधा राहील. जी शांतता जमवायला मी पावसाळाभर खपलो, ती या खोलीत होती की नाही हे मला कधीच कळणार नव्हतं.

"ऐक," मी म्हणालो. "खरं सांग हं."

तिने जाळीजवळ कान नेला. बराच वेळ तशीच वाकून राहिली.

"काहीच नाही येत रे," ती म्हणाली.

मी शेवटची केबल पट्टीखाली दाबून पक्की केली.