सुमंगलाने दिलेला हत्ती

सुमंगलाला एका जागी बसणं ठाऊकच नव्हतं. जेवतानासुद्धा ती दोनदा उठायची. निदान तासभर तरी बसेल म्हणून पाथरीच्या पोस्टात कारकून असलेल्या अप्पारावांनी लेकीला बुद्धिबळ शिकवलं. पण प्रत्येक खेळीनंतर ती उठून अंगणात फेरी मारून यायची.

सत्त्याऐंशी साली परभणीला जिल्ह्याची ज्युनिअर स्पर्धा झाली तेव्हा ती सोळा वर्षांची होती. शेवटच्या फेरीत तिच्यासमोर गेल्या वर्षीचा विजेता चंद्रभान आला. जिंकणारा पुढच्या स्पर्धेसाठी औरंगाबादला जाणार होता. चंद्रभानला मात्र बरोबरीही पुरत होती. त्यानं राजापुढचं प्यादं दोन घरं सरकवताच सुमंगलानं सिसिलियन मांडला, वजिराच्या उंटापुढचं प्यादं पुढे घातलं. या डावात दोन्ही बाजूंना चैन नसतं, म्हणूनच तिला तो आवडायचा. थोड्याच वेळात चंद्रभानची प्यादी तिच्या राजावर चालून आली.

तेवढ्यात बाहेर गलका झाला. विद्यापीठाच्या नामांतरावरून रस्ता अडवणार, अशी आवई उठली होती. अप्पाराव पिशवी घेऊन घाईनं आत आले.

"सुमे, चारनंतर गाड्या बंद म्हणायलेत. आटप लवकर."

पंचांनी त्यांना गप्प केलं. चंद्रभाननं ते ऐकलं होतं. तो हळूच म्हणाला, "बरोबरी करू का?"

सुमंगलानं भिंतीवर नजर टाकली. घड्याळात साडेतीन झाले होते. "न्हाई," ती म्हणाली आणि हत्ती देऊन त्याचा घोडा मारला.

अप्पारावांचा चेहरा उतरला. गाडीच्या घाईत पोरीनं हत्ती घालवला, असंच त्यांना वाटलं. पण चंद्रभानच्या राजापुढची प्यादी फुटली होती. अप्पारावांनी पट नीट पाहिला, पिशवी खाली ठेवली आणि भिंतीला टेकून बसले. चार वाजले, गाडी गेली. ते हलले नाहीत. त्या दिवशी सुमंगलाही एकदाही उठली नाही. सव्वाचारला चंद्रभाननं हार मानून राजा आडवा केला.

सरकीच्या ट्रकमधून घरी जाताना अप्पाराव म्हणाले, "मला सांगायचं तरी, हत्ती मुद्दाम दिला म्हणून."

"बोलायची बंदी हाय ना, अप्पा!"

औरंगाबादला तिचा अकरावा नंबर आला. पुढे ती सोनपेठला शिक्षिका झाली. वर्गात ती सतत येरझाऱ्या घालते, अशी मुख्याध्यापकांची तक्रार असायची. ती हसून ऐकायची, चालतच.