ईडन प्रेरीतले जपानी रविवार

प्रबंधासाठी जमवलेली माहिती शेवटी आटोपशीर ठरली. प्रबंधात न बसणारे किस्से मात्र इतके साठले, की माझ्या मार्गदर्शकांनी ते ऐकले असते तर मला विषयच बदलायला सांगितला असता.

विषय होता एक जपानी मालिका. तुरुंगातून सुटलेली चार माणसं एका घरात राहतात: म्हातारा चोर, तरुण आई, कोरियन वंशाचा शिंपी आणि ब्राझीलमध्ये वाढलेला जपानी मुलगा. अशा कथेत समाजातलं कोण दिसतं आणि कोण दिसत नाही, हे मला तपासायचं होतं. प्रेक्षक मिळाले ते अमेरिकेतल्या ईडन प्रेरी गावात: मूळ नागपूरचे मेश्राम काका-काकू आणि काकांच्या ऑफिसातला पुण्याचा निखिल. दर रविवारी दुपारी काकूंकडे जेवण, मग डीव्हीडी. त्या जेवणांचं ऋण तळटीपेत मावणारं नव्हतं.

*

पहिल्या भागानंतर मी जपून शब्द निवडत विचारलं, "या मालिकेत कोणाचं प्रतिनिधित्व कमी पडतं, असं तुम्हाला वाटतं?"

काकूंनी बराच विचार केला. "भांडी घासणाऱ्याचं. चौघं एवढं जेवतात, आणि सिंक नेहमी रिकामं."

मी ते जसंच्या तसं प्रबंधात घातलं. मार्गदर्शकांना तेच वाक्य सर्वांत आवडलं.

*

सबटायटल्स काकूंना भराभर वाचता येत नसत, म्हणून निखिल बसल्या जागी मराठीत डबिंग करी. एकदा काकांनी मध्येच पॉज केलं.

"निखिल, तुझा पोलीस पुण्याचा असतो. चोर बोलला की तो नागपूरचा कसा होऊन जातो रे?"

निखिल ओशाळला. "सॉरी काका, लक्षातच नाही आलं."

"तेच तर. मृणाल पोरी, हे लिही."

पुढच्या भागात निखिलचा इन्स्पेक्टर दारात उभा राहून म्हणाला, "काय करून राहिला बे?"

काकू समाधानाने म्हणाल्या, "हा बरोबर चौकशी करेल."

*

काका अधूनमधून एका तुरुंगात ध्यान शिकवायला जात. तिथला त्यांचा विद्यार्थी वॉल्टर सुटला, तेव्हा त्यांनी त्यालाही रविवारी बोलावलं.

"काका, त्याने केलं काय होतं?" निखिलने हळूच विचारलं.

"सांगावंसं वाटलं तर तो सांगेल. तू त्याला तुझा व्हिसा कधी संपतो ते सांगणार आहेस का?"

"नाही."

"मग ताटं घे."

बेल वाजलीच नाही. मी सहज खिडकीतून पाहिलं, तर वॉल्टर बर्फात दारासमोर शांतपणे उभा होता. दाराला कुलूप नव्हतं.

त्या दिवशीच्या भागात म्हातारा चोर एका दुकानाच्या दारापाशी असाच थबकतो. वॉल्टर म्हणाला, "मीही थांबतो. इतकी वर्षं प्रत्येक दार दुसऱ्याने उघडलं. हात पुढे जातच नाही." एका बेकरीतल्या मुलाखतीला तो काचेच्या दाराबाहेर उभाच राहिला होता. नोकरी दुसऱ्याला गेली.

काकूंनी फर्मान काढलं, "यापुढे त्याच्यासाठी कोणी दार उघडायला उठायचं नाही."

*

पुढच्या रविवारी काकूंनी जागेवरूनच हाक मारली, "वॉल्टरभाऊ, दार उघडं आहे." त्या त्याच्याशी मराठीतच बोलत.

"काकू, बाहेर टेम्परेचर मायनसमध्ये आहे," निखिल कळवळला.

"म्हणून तर लवकर येईल."

तो आला नाही. शेवटी काकाच उठले. काकू रागावल्या नाहीत. त्यांनी पोळ्या पुन्हा गरम केल्या. असे कितीतरी रविवार गेले. हाक तीच, उठणारे काकाच.

*

माझ्या तोंडी परीक्षेच्या दुसऱ्याच दिवशी वॉल्टरची दुसऱ्या बेकरीत मुलाखत होती. तरीही सगळ्यांबरोबर तो आला. परीक्षा झाल्यावर रीतीप्रमाणे मला बाहेर पाठवून तिघे प्राध्यापक बंद दाराआड निकाल ठरवू लागले. बोलावल्याशिवाय आत जायचं नसतं, हे मी सगळ्यांना बजावलं होतं. काकूंच्या मांडीवर लाडवांचा डबा होता.

बराच वेळ गेला. वॉल्टरने माझ्याकडे पाहिलं, मग त्या दाराकडे, आणि तो उठला.

"वॉल्टर, नको," निखिल पुटपुटला. काकूंनी निखिलचाच दंड घट्ट धरला.

वॉल्टरने दाराची मूठ फिरवली आणि दार सताड उघडलं. आतल्या तिन्ही माना वर झाल्या. त्यांच्याकडे न पाहता तो माझ्याकडे वळला आणि काकूंच्याच सुरात, मराठीत म्हणाला, "मृणालभाऊ, दार उघडं आहे."